पिकअपचं पुढचं एक चाक ब्रेक सोडल्यावरही जाम राहतं, तापतं. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलावा का?

लगेच नको. मागच्या चाकांना दगड लावा, चाक जॅकवर उचला, ब्रेक दाबून सोडा. चाक हाताने फिरत नसेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ऑइल-हवा सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर बहुतेक होज पाइप (कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी पाइप) आतून फुगलाय, तोच बदला. दोन्ही पुढची चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) बघा.

निपल सोडूनही जाम? मग पॅड काढून बघा. आतला पॅड पातळ, बाहेरचा जाड म्हणजे बहुतेक स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो ती) अडकलीय. गंज साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन पुन्हा धरते. पिस्टनवर (पॅड ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) गंजाचे खड्डे असतील तर नुसतं सील किट (नवी रबर सीलं) टिकत नाही, पिस्टनही नवा घ्या. काम करताना कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने बांधा. निपल उघडलाय, त्यामुळे ब्रेक लाइनमधली एअर काढल्याशिवाय गाडी हलवू नका.