वर्गातील बातम्या मुलांपर्यंत कशा पोचवाव्यात?

आपण लिहिले आहे की आपण या जूनपासून सातवीचे वर्गशिक्षक झाला आहात, वर्गातील उपक्रम आणि बातम्या मुलांना कळाव्यात म्हणून आपण व्हॉट्सॲपवर गट केला आहे, त्यावर रोज काही ना काही टाकता, आणि तरीही दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले तर निम्म्या मुलांना काहीच ठाऊक नसते. तेव्हा याहून चांगला मार्ग कोणता? मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्यात मी ज्या चुका केल्या त्याही येथे सांगते, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या चुकांमध्येच आहे.

व्हॉट्सॲपच्या गटाने काम होत नाही यात आपला दोष नाही. त्या सेवेची किमान वयोमर्यादाच १३ वर्षे आहे, म्हणजे सहावी-सातवीतील बहुतेक मुले त्या गटात स्वतःहून असूच शकत नाहीत. गटात असतो तो वडिलांचा फोन, आणि वडील रानातून किंवा कामावरून परतेपर्यंत रात्रीचे आठ वाजलेले असतात. मुलाला तो संदेश दिसला तर दिसला. पण त्याहून मोठी अडचण आपण गटावर काय टाकतो ही आहे. माझ्या जुन्या गटावरील महिनाभराचे संदेश मी एकदा सलग वाचले, तेव्हा त्यांत ‘उद्या गणवेश घालून यावे’, ‘आधार कार्डाची झेरॉक्स आणावी’, ‘शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख’ यांखेरीज जवळपास काही नव्हते. या सूचना झाल्या. त्या आवश्यक आहेत, परंतु त्यांत मुलांनी केलेले असे काहीच नसते, आणि बारा-तेरा वर्षांचे मूल जिथे आपण स्वतः किंवा आपला मित्र दिसेल तिथेच डोळे लावते. म्हणून मी पहिली गोष्ट ही केली की सूचना आणि बातम्या वेगळ्या केल्या. सूचना फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, चौकट आखून, जास्तीत जास्त तीन ओळींत. बातम्यांसाठी दाराजवळचा फलक, आणि तो लिहायचा मुलांनी.

सुरुवात परिपाठापासून करणे सर्वांत सोपे आहे. आपल्याकडे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष अशा क्रमात बातम्यांचे वाचनही असतेच. मात्र होते असे की ज्याची पाळी असेल तो मुलगा वर्तमानपत्रातील तीन मथळे घाईघाईने वहीत उतरवून आणतो आणि न समजता वाचून टाकतो. मी त्यात एवढाच बदल केला की वर्तमानपत्रातील दोन बातम्यांनंतर तिसरी बातमी आपल्या शाळेतील, कालची असली पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस ‘काल काहीच झाले नाही’ हेच ऐकू आले. मग सहावीतील एका मुलीने सांगितले की हातपंपाशेजारच्या खड्ड्यात बेडकाची अंडी आहेत, आणि मधल्या सुट्टीत सारी शाळा त्या खड्ड्याभोवती जमली. त्यानंतर बातम्यांचा तुटवडा पडला नाही.

लिहिलेल्या बातमीला मात्र मेहनत लागते आणि येथे शिक्षकाने हात आखडू नये. सातवीच्या एका मुलाने आणलेली पहिली बातमी अशी होती: ‘आज आमच्या वर्गात विज्ञानाचा छान प्रयोग झाला. सर्वांना खूप मजा आली.’ मी त्यातील एकही शब्द खोडला नाही. फक्त समासात विचारले: कोणता प्रयोग? कशावर काय टाकले? काय दिसले? ज्याला मजा आली नाही असा कोणी होता का? दुसऱ्या दिवशी तीच बातमी अशी आली: ‘मंगळवारी हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकले तेव्हा तो लाल झाला. लिंबू पिळल्यावर परत पिवळा झाला. ताकाने काही झाले नाही. चुन्याच्या निवळीने काय होते ते गुरुवारी पाहू. ज्याच्या शर्टावर हळद सांडली त्याला मजा आली नाही.’ ही बातमी इतर वर्गांतील मुलांनी थांबून वाचली, आणि गुरुवारी निवळीचे काय झाले हे विचारायला आठवीची मुले आमच्या दारात आली. ‘छान’, ‘उत्साहात’, ‘संपन्न’ हे तीन शब्द आमच्या फलकावर तेव्हापासून वर्ज्य आहेत. (कार्यक्रमाच्या अहवालात ते मला स्वतःला अजून लिहावे लागतात, ही गोष्ट वेगळी.)

आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळच्या शाळेत, त्या आठवड्यातील निवडक बातम्या एका कोऱ्या कागदावर दोन्ही बाजूंनी सुवाच्य अक्षरात उतरवल्या जातात आणि त्याच्या प्रती काढून वर्गात दोघांत एक अशा वाटल्या जातात. मुलांनी त्याचे नाव ‘खबरबात’ ठेवले आहे. या प्रकाराला नवे म्हणण्यात अर्थ नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढत असत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. रोज हाताने लिहून दैनिक काढणे माझ्या आवाक्यातील नाही, आणि आपणही त्या भरीस पडू नये असे मी सांगेन. आठवड्याला एक कागद पुरतो. संपादक मंडळ चार मुलांचे असते आणि ते दर महिन्याला बदलते, पण जानेवारीतील मंडळाची निवड आम्ही ६ तारखेला करतो, कारण १८३२ मध्ये त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला होता. ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत, हे ऐकल्यावर आठवीच्या मुलींनी आपणहून एक बातमी दोन्ही भाषांत लिहायला घेतली. इंग्रजीच्या तासाला जे माझ्याने होत नव्हते ते असे झाले.

ज्या मुलांना वाचनाचा कंटाळा आहे किंवा ज्यांना अजून अडखळत वाचावे लागते, त्यांच्यासाठी शनिवारच्या शेवटच्या तासाची पाच मिनिटे अंक मोठ्याने वाचला जातो. हे टाळू नये. सातवीच्या वर्गात नीट वाचता न येणारी दोन-चार मुले असतातच, ती लपवतात, आणि फलकापुढे उभी राहून वाचल्याचे दाखवतात.

आता सर्वांत जास्त चाललेल्या सदराविषयी सांगते, कारण आपल्याला उपक्रम आणि बातमी यांची सांगड कशी घालावी हेही विचारायचे होते. आमच्या भागात पाऊस हीच पहिली बातमी असते. म्हणून सहावीच्या मुलांनी सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली कापून, तिचाच वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवून पर्जन्यमापक तयार केला. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, त्यामुळे तळाशी खडे भरून ते बुडतील एवढे पाणी ओतायचे, त्या पातळीला शून्य धरायचे आणि तेथून वर पट्टी चिकटवायची. तोंडाचा आणि बाटलीचा व्यास एकच असल्याने पट्टीवर जितके मिलिमीटर दिसतील तितकाच पाऊस. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते आणि आमची शाळा एरवी साडेदहाला भरते, म्हणून शाळेच्या कुंपणालगत राहणाऱ्या मुलीकडे साडेआठच्या नोंदीचे काम आले. रविवारीही तीच जाते. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरायचा हा खात्याचा नियमही मुलांनी उचलला आणि नुसत्या भुरभुरीला ‘पाऊस’ म्हणणाऱ्या शिक्षकांना ती दुरुस्त करू लागली, म्हणजे मलाच.

एका सोमवारी फलकावर ‘रविवारचा पाऊस ६४ मिलिमीटर’ अशी बातमी झळकली. सायंकाळी एका मुलाचे आजोबा शाळेत आले, काठी टेकवून फलकापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “आरं पोरांनो, चौसष्ट पडला आसता तर वढा वाहिला नसता व्हय?” ओढ्याला खरोखरच पाणी आले नव्हते. मुले बाटलीकडे धावली. वारा आला म्हणून कोणीतरी शनिवारी ती उचलून भिंतीकडेला ठेवली होती आणि पत्र्याच्या पागोळ्या थेट तीत पडत होत्या. त्या शनिवारच्या अंकात पहिल्या जागी दुरुस्ती छापली गेली: बाटली कोठे होती, ती चूक कोणी पकडली, आणि आता ती पटांगणाच्या मधोमध, झाडापासून व पत्र्यापासून दूर, विटांत बसवली आहे. त्या दिवसापासून ‘दुरुस्ती’ हे सदर कायमचे झाले, आणि गावातील माणसे येता-जाता मुलांना ‘आज किती?’ असे विचारू लागली. बाजरीच्या पेरणीच्या दिवसांत तर आमच्या अंकाची वाट घरी पाहिली जाते. पालकांपर्यंत बातमी पोचवण्यासाठी मला वेगळे काही करावे लागले नाही.

माझी स्वतःची चूक याहून वाईट होती. पहिल्याच वर्षी, फलक भरगच्च दिसावा म्हणून, मी त्यावर आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, श्रेणींची यादी लावली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर यादीतील एक ओळ नखाने खरवडून काढलेली होती. नाव आणि श्रेणी दोन्ही गेलेले, खालचा पुठ्ठा उघडा पडलेला. ती ओळ कोणाची हे माझ्याकडील यादीवरून मला लगेच कळले, आणि ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. मी यादी काढली, तिच्या घरी गेले, फारसे काही बोलता आले नाही. तेव्हापासून गुण, श्रेणी, गैरहजेरी, शिक्षा, न भरलेली वर्गणी आणि कोणाच्या घरातील गोष्ट यांपैकी काहीही फलकावर किंवा अंकात येत नाही. कौतुक येते, पण तेही कृतीचे: ‘हुशार’ असे न लिहिता ‘तिने तीन दिवस खपून ग्रंथपेटीतील फाटलेली एकवीस पुस्तके चिकटवली’ असे.

छायाचित्रांच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. अंकात चित्रे मुलांनी काढलेली असतात. छायाचित्रे मी गटावर टाकत नाही, आणि टाकायचीच झाली तर पालकांची लेखी संमती घेऊन. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरले आहे आणि त्यांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती हवी असे म्हटले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एकदा गटावर गेलेले चित्र पुढे कोठे जाते हे आपल्या हाती राहत नाही. उपक्रमाचा पुरावा म्हणून वरून छायाचित्रे मागितली जातात हे मला ठाऊक आहे. तेव्हा मी मुलांच्या हातांचे, वस्तूंचे आणि पाठमोऱ्या रांगांचे चित्र पाठवते, आणि आजवर कोणी ते परत केलेले नाही.

वेळेचे म्हणाल तर फलकाला रोज दहा मिनिटे जातात आणि शनिवारच्या अंकाला एक तास, जो मी मराठीच्या लेखन-उपक्रमात धरते. सुरुवातीला आपण फक्त फलक करावा. दोन महिने तो न थांबता चालला तरच अंकाला हात घालावा, कारण दोन अंक काढून बंद पडलेला उपक्रम मुलांच्या लक्षात फार काळ राहतो.

व्हॉट्सॲप मी पूर्ण सोडलेले नाही. त्याचा खरा उपयोग आमच्याकडे दिवाळीनंतर होतो, जेव्हा काही मुले आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि चार-पाच महिने वर्गातील त्यांची जागा रिकामी असते. त्यांच्यासाठी शनिवारच्या अंकाच्या दोन्ही बाजूंचे चित्र मी वडिलांच्या फोनवर पाठवते. मागच्या हंगामात सातवीतील एका मुलाचा तिकडून आवाजी निरोप आला: “बाई, हितं बी राती पाऊस झाला. बाटली न्हवती, म्हणून डबा ठिवला हुता. तीन बोटं भरला.” संपादक मंडळात त्यावर बराच वाद झाला. एकाचे म्हणणे होते की मिलिमीटरशिवाय बातमी घेता येणार नाही. दुसरीने स्वतःची तीन बोटे पट्टीवर ठेवून मोजली, तेव्हा तिसऱ्याने आठवण करून दिली की त्याची बोटे तिच्याहून जाड आहेत. शेवटी ‘बाहेरगावची बातमी’ या मथळ्याखाली त्याचे नाव घालून ‘तीन बोटे (डब्यात)’ असेच छापले, आणि खाली एक ओळ जोडली की डबा सरळ बाजूंचा होता की निमुळता, हे पुढच्या निरोपात कळवावे.