ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा ‘इंद्रधनुषी सर्प’ एकच आहे का?

नाही. तिथल्या वेगवेगळ्या समाजांच्या पुराणकथांतल्या सापांना दिलेलं हे सरसकट नाव मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या १९२६ च्या लेखामुळे रूढ झालं. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या नूंगार लोकांचा सर्प वागल सरपटत गेला, त्या वाटेने पर्थची स्वान नदी झाली. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम आर्नहेम लँड भागातला सर्प न्गाल्योद पाणवठ्यात राहतो, पावसाशी जोडलेला आहे, नियम मोडणाऱ्याला गिळतो. दोघांची खिचडी केली की कथेची जागाच हरवते, आणि जागा हाच तिचा कणा (रंगीत चित्रांच्या पुस्तकांत नेमकं हेच होतं).

त्या समाजांतल्या वडीलधाऱ्यांकडून अशी कथा टिपताना आधी पाणवठ्याचं नाव, मग सांगणाऱ्याचं त्या जागेशी नातं लिहा. काही भाग फक्त दीक्षा घेतलेल्यांसाठी असतात. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वीच विचारा.