गुणपत्रक न उघडलेली रेसिडेंट

"आठवड्याचे सत्तर-पंच्याहत्तर तास रुग्णालयात जातात, घरी येऊन पुस्तक उघडले की डोळे मिटतात, मग इन-ट्रेनिंग परीक्षेचा अभ्यास करायचा तरी कधी?" अमेरिकेत रेसिडेन्सी (वैद्यकीय पदवीनंतर रुग्णालयात काम करत घ्यायचे प्रशिक्षण) करणारी मराठी मुले-मुली माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा पहिल्या भेटीत बहुधा हाच प्रश्न विचारतात. त्यांच्यापैकी एकीची हकिगत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

ती पोडियाट्रिक सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाय आणि घोटा यांच्या डॉक्टरांचे शिक्षण अमेरिकेत एमडीपासून वेगळे असते: चार वर्षांची डीपीएम (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन) पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी. या काळात 'अमेरिकन बोर्ड ऑफ फूट अँड अँकल सर्जरी' ही संस्था दरवर्षी रेसिडेंटांची इन-ट्रेनिंग परीक्षा घेते. पावलाची शस्त्रक्रिया हा एक विषय, तर पावलाचा मागचा भाग आणि घोटा यांची पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया हा दुसरा. प्रत्येक विषयात एक भाग बहुपर्यायी प्रश्नांचा असतो आणि दुसरा संगणकावरील काल्पनिक रुग्णाचा. या दुसऱ्या भागात काय विचारायचे, कोणत्या तपासण्या मागवायच्या, निदान आणि उपचार कोणते, हे सारे परीक्षार्थ्याला स्वतःच ठरवावे लागते.

पहिल्या वर्षी तिला कमी गुण मिळाले होते. मी तिचे म्हणणे जसेच्या तसे खरे धरले आणि वेळापत्रक करून दिले: पहाटे साडेचारला उठून पाऊण तास वाचन, रविवारी तीन तास. ही माझी चूक होती. तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा वेळापत्रक मोडलेले होते आणि आधीच्या चिंतेत अपराधीपणाची भर पडली होती. आधीच तुटपुंज्या असलेल्या झोपेतून मी आणखी पाऊण तास काढून घेतला होता. रोज सहाच तास झोप मिळाली, तर दोन आठवड्यांत एकाग्रता आणि स्मरण एक-दोन रात्री पूर्ण जागल्यासारखे खालावते आणि ती घसरण ज्याची त्याला नीटशी जाणवतही नाही, हे २००३ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले आहे. मला ते ठाऊक होते. तरीही, समोरची व्यक्ती वेळ मागत असली की आपण वेळच शोधू लागतो.

मग मी तिला विचारले, गुण नेमके कोणत्या भागात कमी पडले? तिला सांगता येईना. आठ महिन्यांपूर्वी एक आकडा पाहून तिने निकालाची फाइल बंद केली होती, ती पुन्हा उघडलीच नव्हती.

त्यामागचे कारण परीक्षेच्या बरेच बाहेरचे होते. नाशिकला एका लग्नात मामांनी सर्वांदेखत विचारले होते, "म्हणजे फक्त पायाचीच डॉक्टर का गं? एमडी नाही?" त्यात दुष्टपणा नव्हता, आपल्याकडे हे क्षेत्र फार थोड्यांना ठाऊक आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनी उत्तर न देता विषय बदलला, आणि ते तिच्या मनात रुतून बसले. कमी गुण दिसले त्या रात्री तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मामांचेच खरे होते. जे गुणपत्रक आपल्या लायकीचा निवाडा वाटते, ते पुन्हा उघडून वाचण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. वेळ नाही हे खरेच होते, पण त्या सबबीच्या आड हे लपलेले होते.

पुढच्या भेटीत आम्ही दोघींनी मिळून ती फाइल उघडली. बहुपर्यायी प्रश्नांत ती ठीक होती. गुण घसरले होते ते संगणकावरील रुग्णाच्या भागात, आणि तेही दोन्ही विषयांत. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ताई, मी निर्णय कधी घेतच नाही. वरिष्ठ सांगतात, मी करते."

येथून पुढचे बरेचसे तिनेच ठरवले. आपत्कालीन विभागातून बोलावणे आले की वरिष्ठांना फोन लावण्याआधी आपली योजना दोन ओळींत लिहायची आणि फोनवर प्रथम तीच सांगायची. पहिल्या आठवड्यात दोनदा बोलणी खावी लागली, पण त्या वरिष्ठांना नंतर हे आवडू लागले. पुस्तक पहिल्या पानापासून वाचणे तिने थांबवले. पुन्हा पुन्हा वाचलेले लगेच आठवते, परंतु आठवड्यानंतर टिकते ते न पाहता आठवून काढलेले, असे रॉडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आढळले होते. मी तिला तेवढेच सांगितले. घोट्याखालच्या टॅलस हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर शस्त्रक्रियेत पाहिले, की कपडे बदलताना ती स्वतःला विचारी: हॉकिन्सच्या वर्गीकरणात, म्हणजे या फ्रॅक्चरच्या ठरलेल्या प्रकारांत, हे कोठे बसते, रक्तपुरवठा तुटण्याचा धोका किती, सहा ते आठ आठवड्यांनी क्ष-किरणचित्रात हाडाच्या घुमटाखाली काळसर रेघ का शोधायची? ती रेघ दिसली तर रक्तपुरवठा शाबूत असल्याची आशा धरता येते, हे तिने मला कागदावर चित्र काढून समजावले. जे आठवले नाही तेवढेच रात्री पाहायचे, पंधरा मिनिटे, आणि ऑन-कॉलच्या दुसऱ्या दिवशी तेही नाही.

पुढच्या परीक्षेत पावलाच्या विषयातील संगणकीय रुग्णाचे गुण बरेच वाढले. पावलाचा मागचा भाग आणि घोटा या विषयात थोडेच वाढले. निकाल आला त्या संध्याकाळी तिने तो स्वतः पूर्ण वाचला आणि मला संदेश पाठवला: "टाचेची फ्रॅक्चर अजून कच्चीच आहेत." वडिलांना तिने गुण सांगितलेले नाहीत. मामांच्या त्या प्रश्नाबद्दल मात्र तिला त्यांच्याशी बोलायचे आहे, आणि सध्या आमच्या भेटी त्याच विषयावर चालल्या आहेत.