बायबलमधला शेवटचा काळ खरंच जवळ आलाय का? आणि मेलेले लोक शरीरानिशी उठणार, असं ख्रिस्ती लोक मानतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, शरीरानिशी. दर रविवारी उपासनेत उभं राहून आम्ही ते मोठ्यानं म्हणतो. आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'शरीराचं पुनरुत्थान' म्हणतात, इथं गोव्यातल्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या कोकणी मिसाला, म्हणजे उपासनेला, 'कुडीचें जिवंतपण'. आत्मा सुटून वर गेला आणि संपलं, असं ते नाही.

पहिला प्रश्न वाचून मात्र डोकं फिरलं. राग तुमच्यावर नाही. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की युक्रेन, गाझा, तुर्कीचा भूकंप, कोरोना हे सगळं पाहून तुमच्या आईच्या प्रार्थनेतले लोक म्हणतात आता फार दिवस उरले नाहीत, आणि आई म्हणते मग घराची दुरुस्ती कशाला काढायची. ही यादी मी आधी ऐकली आहे. तेव्हा तिच्यात सुनामी आणि हैती, जपानचे भूकंप होते. ऐकवणारे माझे सख्खे काका होते.

आम्ही मूळचे नगरकडचे. वडील आणि काका गोवा मुक्त झाल्यावर पोटापाण्यासाठी इथे आले. वडील वास्कोत बंदरावर लागले, काका सरकारी खात्यात ओव्हरसियर. काकांनी सासष्टीतल्या कॅथलिक मुलीशी लग्न केलं आणि तिच्याच माहेरच्या घरात राहायला गेले. मंगळुरी कौलांचं जुनं घर, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, मागे चार माड. मूलबाळ नव्हतं. काकी 2009च्या पावसाळ्यात गेली.

त्यानंतर काका मडगावात एका फ्लॅटमध्ये भरणाऱ्या प्रार्थनेला जायला लागले. तिथे कोणीतरी अमेरिकेतल्या रेडिओवरचं एक गणित आणलं होतं. जलप्रलय इसवी सनापूर्वी 4990 मध्ये झाला. देवानं नोहाला सात दिवसांची मुदत दिली होती. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात म्हटलंय, प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. म्हणजे सात हजार वर्षं. 4990 अधिक 2011, वजा एक, कारण शून्य नावाचं वर्ष नसतं. झाले बरोबर 7000. तारीख 21 मे 2011, शनिवार, संध्याकाळी सहा. ज्या देशात जेव्हा सहा वाजतील तेव्हा तिथे भूकंप, आणि विश्वासणारे वर उचलले जाणार.

काकांनी हे कालनिर्णयच्या पाठीमागे ओव्हरसियरच्या अक्षरात मांडलं होतं. खाली दोन रेघा, जशा एस्टिमेटखाली मारतात.

गोव्यात मे महिना म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. मे म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्याची बेगमी. सुके बांगडे, सुकी सुंगटं, मिरच्या, आमसुलं, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ. मडगावात पुरुमेंताचं फेस्त भरतं ते ह्याचसाठी. आणि कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, वळचण बघायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छपरांची बिलं पास केलेल्या माणसानं त्या वर्षी एक कौल हलवू दिलं नाही. मी माणूस घेऊन गेलो तर त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणाले, ''जूनमध्ये या घरात कोण राहणार आहे?''

मी तेव्हा छत्तिशीत होतो आणि तोंडाळ होतो. मी त्यांना मत्तयाचा 24वा अध्याय उघडून दाखवला. सगळे सातवं वचन सांगतात, राष्ट्रावर राष्ट्र उठेल, दुष्काळ, भूकंप. सहावं कोणी सांगत नाही. त्यात येशू म्हणतो की लढायांच्या बातम्या ऐकाल, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आणि 36व्या वचनात तर त्या दिवसाविषयी देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. पुत्राला नाही ते मडगावच्या फ्लॅटला कसं ठाऊक? मग मी विल्यम मिलरची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरून हिशोब मांडला, शेवटी तारीख ठरली 22 ऑक्टोबर 1844. हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी शेतातली पिकंही काढली नाहीत. 23 तारखेला सूर्य उगवला. त्याला तिकडे 'महानिराशा' असंच नाव आहे. त्याच सुमाराला आपलं जुनं गोवें साथींनी ओस पडून झालं होतं. ऑगस्टीनच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, कमान 1842 मध्ये कोसळली, 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. तिथं राहून मेलेल्यांना विचारा जगबुडी कधी आली ते.

काका ऐकून घेत होते. मी वर प्रेषित पौलाचं एक वचन फेकलं. थेस्सलनीकाच्या मंडळीत काहींनी कामधंदा सोडला होता, त्यांना तो लिहितो की ज्याला काम करायचं नाही त्यानं जेवूही नये. आणि शेवटी म्हणालो, ''काका, हा विश्वास नाही. ही घाई आहे.''

ते म्हणाले, ''तुझी बायको घरात आहे ना? मग तुला कसली घाई!''

एकवीस तारखेला आईनं मला डबा घेऊन पाठवलं. एकटे असतील, जा, म्हणाली. पावणेसहाला पोचलो. काका बाल्कांवात बसले होते, लग्नातला काळा कोट घालून, त्या उकाड्यात. शेजारी काकीची लहान बॅग. बॅग कशाला, हे मी विचारलं नाही. घड्याळ हातात काढून ठेवलेलं. आम्ही दोघं काही बोललो नाही. सहा वाजले.

आणि वाजला तो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न. पों पों. कोपऱ्यावरून सायकल येत होती, मागे पाटी, वर निळं प्लास्टिक. करिंथकरांच्या पत्रात लिहिलंय, शेवटचा कर्णा वाजताच, क्षणात, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मेलेले उठवले जातील. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.

पोदेरानं सायकल टेकवली. त्याला काकांनी आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं की एकवीसनंतर पाव नको. त्यानं चार उंडे, म्हणजे गोल पाव, मोजून दिले आणि कोकणीत विचारलं, ''फाल्यां उंडे जाय?'' उद्या हवेत का?

बराच वेळ गेला. सहा वाजून सात-आठ मिनिटं झाली असतील. काका म्हणाले, ''हाड.'' आण.

इथे खरं तर मी जिंकलो होतो. जून लागला तसा पाऊस आला, घर तीन ठिकाणी गळलं, गादी भिजली, घरात ना मिरची ना तांदूळ. दोन महिने डबे आमच्याकडून गेले. मी प्रत्येक डब्याबरोबर तोंड मिटून गेलो असतो तर बरं झालं असतं. नाही गेलो. एकदा म्हणालो, 'पौलाच्या हिशोबानं हा डबा तुम्हाला मिळायला नको.' त्यावर काका दीडेक वर्ष माझ्याशी बोलले नाहीत.

बोलले ते 2013च्या सुरुवातीला, कारण काम पडलं. गोव्यातल्या सिमितेरींत, म्हणजे दफनभूमींत, जागा थोडी असते. तीनेक वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, कोनाडा घेतलेला नसेल तर सार्वजनिक खड्ड्यात, आणि ती जागा पुढच्या माणसाला. काकीची पाळी आली होती. काकांनी फोन केला, ''येशील?'' एवढंच.

खणणारा म्हातारा होता, हात सराईत. फळी केव्हाच मातीत गेली होती. त्यानं एकेक हाड काढून पांढऱ्या कापडावर ठेवलं, मोठी आधी. मग पायांकडून दोन मोजे वर आले. नायलॉनचे, फिक्या तपकिरी रंगाचे, कुठेही फाटलेले नाहीत. म्हाताऱ्यानं मोजा उलटा धरून हलवला, आतून बोटांची हाडं कापडावर पडली. खड्यांसारखा आवाज. नायलॉन कुजत नाही, तो म्हणाला, मोजे घालू नयेत.

काकांनी कोनाडा वितीनं मोजला. ''दीड फूट बाय एक. मावेल.'' ओव्हरसियरच. मग त्या कापडाकडे बघत त्यांनी मला विचारलं, यहेज्केलचा कुठला अध्याय तो? सदतिसावा, म्हणालो. खोरं भरून सुकलेली हाडं, आणि देव संदेष्ट्याला विचारतो, मानवपुत्रा, ही हाडं जिवंत होतील काय? काका म्हणाले, ''तो हो म्हणाला का?'' नाही. तो म्हणाला, प्रभू, ते तूच जाणतोस. ''नाहीही म्हणाला नाही ना?'' नाही.

तेवढ्यावर ते गप्प झाले. कापडाची गाठ त्यांनी स्वतः मारली.

यहेज्केलाचा तो दृष्टान्त मुळात बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या इस्राएलाविषयी आहे. आमची हाडं सुकली, आमची आशा गेली, असं म्हणणाऱ्या लोकांना दिलेलं उत्तर आहे. मातीत झोपलेले उठतील, हे स्पष्ट बोलणं दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येतं. थेस्सलनीकाकरांना पौल कर्ण्याविषयी, मेघांविषयी लिहितो ते कशासाठी? त्यांची माणसं मेली होती आणि ते रडत होते. ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका, म्हणून लिहितो. शोकच करू नका, असं तो लिहीत नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला सगळा भडिमार, श्वापदं, पेले, कर्णे संपल्यावर एकविसाव्या अध्यायात काय आहे? देव डोळ्यांचं पाणी पुसतो. ही सगळी वचनं कबरीपाशी उभ्या असलेल्यांसाठी लिहिलेली आहेत, आणि लोक त्यांचं वेळापत्रक करतात. माझं मत विचाराल तर हा गुन्हा आहे, आणि तो तारीख वाटणाऱ्यांचा आहे, वाट बघणाऱ्यांचा नाही. हे दुसरं वाक्य मला 2011 मध्ये सुचायला हवं होतं.

आणि ते 666, प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा. काका आधारला श्वापदाची खूण म्हणत, नोंदणी करायला तयार नव्हते. पुढे गॅसच्या अनुदानासाठी केली. बरेच अभ्यासक मानतात की तो आकडा नीरो कैसराच्या नावातल्या हिब्रू अक्षरांची बेरीज आहे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन सम्राट. आधार लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

शरीर कसं उठणार, जाळलं तर काय, असं तुम्ही ओझरतं विचारलंय. पौल पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो. पेरतो तो दाणा, उगवतं ते रोप, आणि तरी ते त्याच दाण्याचं. हाडांची गिनती पूर्ण हवी, असं कुठे नाही. कॅथलिक चर्चनं 1963 पासून दहनाला मोकळीक दिली आहे. 2016 मध्ये फक्त एवढं बजावलं की राख उधळू नका, पवित्र जागी ठेवा. सिंहानं खाल्लेल्या हुतात्म्यांचं काय, हा प्रश्न पहिल्या शतकांतच विचारून झालाय, तेव्हा आपण नवीन काही विचारत नाही.

तुमच्या आईबद्दल. वचनं दाखवून तिला हरवू नका. तुम्ही हराल तर वाईट, जिंकाल तर त्याहून वाईट. तिचं कोण गेलंय ते लिहिलेलं नाही तुम्ही. वडील? एखादं भावंड? तिथून सुरुवात करा. तिच्याबरोबर एकदा त्या प्रार्थनेला जाऊन बसा, मी काकांबरोबर कधी गेलो नाही. पैसे मात्र मोजा. कोणी दागिने, ठेव, जमीन मागत असेल तर लगेच मध्ये पडा, तिथे प्रेमानं वगैरे बोलत बसू नका.

एक सांगायचं राहिलं. मी धर्मशास्त्र शिकलेला नाही. ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य आधी की त्याचं पुनरागमन आधी, यावर मंडळ्यांत जोरदार मतभेद आहेत, आणि वर मी जे ठासून लिहिलंय त्यातलं निम्मं काही पाळकांना मान्य होणार नाही. येशू परत येणार, हे मीही मानतो. उद्याही येऊ शकेल, हेही मानावंच लागतं. काकांचा तो बायकोचा प्रश्न मी अजून खोडू शकलेलो नाही. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पोदेराचा हॉर्न मात्र येतो.

आणि घर कौलारू असेल तर माणूस एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मे लागल्यावर कोणी मिळत नाही.