फुटबॉलमध्ये गोलरक्षकाने चेंडूला हात कधी लावू नये?

प्रश्न : बचावपटूने गुडघ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेतला, तरी पंचांनी शिट्टी का वाजवली नाही?

उत्तर : पंचांचे बरोबरच होते. सहकाऱ्याने पावलाने किंवा घोट्याने मुद्दाम गोलरक्षकाकडे मारलेला चेंडू हाताळण्यास मनाई आहे. गुडघा, छाती वा डोक्याने दिलेला, अथवा पायाला चुकून लागून आलेला चेंडू तो खुशाल उचलू शकतो. मात्र ही बंदी चुकवण्यासाठी चेंडू पायाने उडवून मग डोक्याने मागे देणाऱ्या चतुर खेळाडूला, गोलरक्षकाने हात लावला नाही तरी, पिवळे कार्ड मिळते. १९९० च्या विश्वचषकात चेंडू वारंवार गोलरक्षकाकडे देऊन केलेल्या वेळकाढूपणाने प्रेक्षक वैतागल्यानंतर, १९९२ मध्ये हा नियम आला. भंग झाल्यास प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी नव्हे, तर अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते.