नववा प्रश्न त्याच दिवशी कोण वाचणार?

प्रश्न: मी हायस्कूलला शिकवते. यंदा परत मुलांचं मेंटल हेल्थ स्क्रीनिंग करायचं ठरलंय. मागच्या वेळी वर्गातच फॉर्म वाटले, जवळजवळ सगळ्यांनी 'अजिबात नाही'वर टिक करून दिलं आणि गठ्ठा कपाटात गेला. ह्यावेळी काय बदलू? – एक शिक्षिका

उत्तर: ताई, बाकाला बाक लावून बसलेली मुलं, शेजारचा डोकावतोय, वर नाव लिहायचंय आणि फॉर्म क्लासटीचर गोळा करणार, मग खरं कोण लिहील हो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १० ते १९ वयातल्या दर ७ जणांत एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो, म्हणजे ४२ च्या वर्गात सरासरी सहा. अख्खा वर्ग शून्यावर आला तर मुलं मजेत आहेत असं नाही, आपला फॉर्म फसलाय.

तर आधी बसवायची पद्धत बदला, लांब लांब बसवा, फॉर्म बंद पाकिटात थेट काउन्सेलरकडे जाऊ दे. आणि मुलांना आधीच सरळ सांगा की हे गुपित राहील, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला तर आम्हाला घरी बोलावं लागेल. हे नंतर कळलं ना, तर पुढच्या वर्षी कुणी खरं लिहिणार नाही. पालकांनाही आधी कळवायचं, हे वेगळं सांगायला नको.

बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची प्रश्नावली वापरतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ('अजिबात नाही') ते ३ गुण, एकूण २७. त्याची किशोरांसाठीची आवृत्ती घ्या, तिच्यात उदास वाटण्यासोबत चिडचिडही विचारलीय. ह्या वयात डिप्रेशन कधीकधी रडण्यातून नाही, चिडण्यातून दिसतं आणि आपण त्याला उद्धटपणा म्हणून मोकळे होतो (मीही केलंय हे). १० किंवा वर स्कोअर आला म्हणजे आजार ठरला असं मात्र नाही, कुणीतरी जाणकाराने एकटं बसवून नीट बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेच्या आठवड्यात घेतलंत तर झोप, भूक, लक्ष सगळ्यांचेच आकडे चढणार.

आणि नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, हा. इथे १ जरी असला तरी एकूण स्कोअर न बघता त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, त्या मुलाशी बोलणं व्हायलाच हवं. म्हणून फॉर्म शुक्रवारी दुपारी अजिबात वाटू नका, सोमवारपर्यंत पाकिटं तशीच पडतात. कधीकधी तिथे खोडलेली टिक दिसते, आधी २, मग खाडाखोड करून ०. अशांशीही बोला.

तेव्हा हेडसरांना पहिलं हे विचारा की त्या दिवशी फॉर्म वाचणार कोण, मुलाशी बोलणार कोण आणि पुढे कुठल्या डॉक्टरांकडे पाठवायचं. नावं ठरत नसतील तर तारीख पुढे ढकला.