आधी त्या बेटाची पाहुणी हो

प्रिय मुली,

सप्रेम जय ख्रिस्त.

हवाई बेटावरच्या कोनाहून तुझं पत्र मिळालं. तिथल्या वायवॅम (‘यूथ विथ अ मिशन’) या ख्रिस्ती मिशन संस्थेच्या डीटीएसमध्ये, म्हणजे शिष्यत्वाच्या प्रशिक्षण शाळेत, उपासनेत बाकीची मुलं हात उंचावून रडतात, मोठमोठ्याने प्रार्थना करतात आणि तू मात्र मान खाली घालून बसतेस. त्यामुळे आपला विश्वासच कोरडा आहे की काय, असं तुला वाटू लागलंय. ही शंका मनातून काढून टाक. तू नगरच्या मंडळीत वाढलीस. आपण पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो आणि प्रभुभोजनाच्या वेळी सगळं मंदिर स्तब्ध असतं. तुझ्या अंगाला ते वळण लागलंय. गिटार आणि ड्रमच्या आवाजात तुझे हात लगेच वर गेले नाहीत, म्हणून पवित्र आत्मा तुझ्यापासून दूर गेला असं होत नाही. हळूहळू तिथली गाणीही आवडू लागतील. आवडली तर खुशाल मोकळ्या गळ्याने गा. फक्त कुणाला दिसावं म्हणून रडू नकोस. आणि छोट्या गटात तुझी पाळी आली की कधी कधी मराठीत प्रार्थना कर. इंग्रजीत करताना तुझं अर्धं लक्ष व्याकरणाकडे जातं, असं तूच लिहिलंयस. देवबापाशी बोलताना ते ओझं कशाला?

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा तुझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या. वाँटिज गावच्या अँग्लिकन मठातल्या भगिनींकडे राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या भगिनींचं प्रेम त्यांनी मनापासून घेतलं. पण जेवण शाकाहारीच ठेवलं आणि क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत अक्षरं असू देत, असा आग्रहही धरला. ज्यांच्या घरी राहत होत्या त्यांच्याशीच धर्मशिक्षणावरून वाद घातले. उपकारांची जाण ठेवूनही स्वतःच्या बुद्धीने विचार करता येतो, हे त्यांच्याकडून शीक.

हे मुद्दाम सांगते, कारण वायवॅमची घडणच वेगळी आहे. डीटीएसमध्ये साधारण बारा आठवडे वर्ग, दर आठवड्याला बहुधा नवा वक्ता, आणि मग दोन-तीन महिने आउटरीच, म्हणजे बाहेर जाऊन सुवार्ता आणि सेवा. तिथे काम करणाऱ्यांना पगार नसतो. प्रत्येक जण आपापल्या मंडळीकडून, मित्रांकडून मदत उभी करतो. त्यामुळे तुझी गटप्रमुख कदाचित बावीस-तेवीस वर्षांची, स्वतः अलीकडेच डीटीएस केलेली मुलगी असेल. तिचा मान ठेव, तिच्याशी मनातलं बोल. पण तिने किंवा आणखी कुणी, ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितलं’ असं म्हणून तुझं लग्न, तुझं शिक्षण किंवा तिथेच कायम राहणं ठरवायला घेतलं, तर त्या दिवशी हो म्हणू नकोस. शास्त्र उघड, पाळकांना लिही, आई-वडिलांशी बोल. देवाचा आवाज असेल तर तो आठवडाभर थांबल्याने बदलत नाही. वायवॅमच्या स्वतःच्या विद्यापीठाचे, युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्सचे, गुण आपल्या विद्यापीठांत धरले जातील, असंही गृहीत धरू नकोस. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय, ते परत येऊन पूर्ण कर.

भांडी आणि संडास धुण्याच्या पाळीबद्दल तू जरा नाराज दिसलीस. ती पाळी सगळ्यांनाच असते आणि वर्गापेक्षा मैत्र्या तिथे लवकर जमतात. किलाउआ ज्वालामुखीचा धूर (तिथे त्याला व्हॉग म्हणतात) कोनाच्या बाजूला साठतो, तेव्हा इनहेलर खोलीत न ठेवता पिशवीत ठेव.

आता साक्षीचं, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी लोकांपुढे सांगण्याचं. आउटरीचच्या पैशांसाठी पत्र लिहायला सांगतील, मंडळ्यांपुढे बोलायला उभं करतील. भारतातली मुलगी म्हटलं की ऐकणाऱ्यांना काय ऐकायचं असतं, ते तुला चटकन कळेल: झोपडी, उपासमार, अंधार. तुझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि आजीने तुला शास्त्र वाचायला शिकवलं. तेवढं खरं आहे, तेवढंच सांग. वस्तीतल्या कुणाचाही फोटो त्याला न विचारता पडद्यावर लावू नकोस. पैसे कमी पडले तर मला कळव. आपल्या माणसांची लाज काढून जमवलेले पैसे प्रभूला नकोत, असं मी अगदी ठाम मानते.

आणि एका शनिवारी कॅम्पसमधून बाहेर पड. खाली कैलुआच्या किनाऱ्यावर मोकुआइकाउआ नावाचं दगडी चर्च आहे. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने धाडलेले गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. त्याच बोर्डाची माणसं 1820 मध्ये त्या किनाऱ्यावर उतरली. नगरला 1831 मध्ये आलेली मिशनही त्यांचीच. तेव्हा ती मंडळी आणि आपली मंडळी एकाच घरातल्या. ती माणसं तिथे गेली त्यामागे ओपुकाहाइया नावाच्या हवाई तरुणाची तळमळ होती. युद्धात आई-वडील मारले गेलेला पोरका मुलगा, जहाजावर चढून अमेरिकेला गेला, शिकला, आपल्या भाषेचं व्याकरण मांडू लागला, आणि मायदेशी सुवार्ता नेण्याआधीच 1818 मध्ये कनेटिकटमध्ये विषमज्वरासारख्या तापाने वारला. 1993 मध्ये त्याच्या अस्थी परत आणल्या. कोनाच्या दक्षिणेला केआलाकेकुआ उपसागराजवळ त्याची कबर आहे. परदेशात शिकणारा विद्यार्थीच होता तो, तुझ्यासारखा. जाऊन ये.

पण पुढचंही विचार, कारण कॅम्पसवर ते फारसं कुणी काढणार नाही. त्या मिशनऱ्यांनी हवाई भाषा लिपीत आणली, 1839 पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र छापलं. आणि पहिल्या तुकडीतल्या आसा थर्स्टन यांचाच नातू 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणाऱ्यांत पुढे होता. 1896 नंतर शाळांतून ती भाषा शिकवण्याचं माध्यम म्हणून हद्दपार झाली. तिथल्या लोकांना हे काल घडल्यासारखं आठवतं. सुवार्ता सांगायला गेलेल्यांच्या घरात सत्ता कशी शिरते, हे समजून घेतल्याशिवाय आउटरीचला जाऊ नकोस. त्यासाठी रविवारी एखाद्या हवाई मंडळीत जाऊन मागच्या बाकावर बस. तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोल. काही शिकवायला जाऊ नकोस. त्यांनी जेवायला थांब म्हटलं तर थांब.

एक राहिलं. आईला तू तिथल्या सकाळी फोन करतेस, तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते, आणि ती तशीच जागी राहते. तुला सांगत नाही. आपल्यात साडेपंधरा तासांचं अंतर आहे. शनिवारी रात्री आठला लाव. इथे रविवारचे साडेअकरा झालेले असतात, उपासना नुकतीच सुटलेली असते आणि आम्ही सगळ्या मंदिराच्या आवारातच असतो. मलाही दोन शब्द बोलता येतील.

प्रभूत तुझी,
मावशी